जिभेवरची माती

माझी जीभ तिखट, हे सगळं गाव सांगेल. पण गावात मान होता तो आमच्या सासूबाईंच्या जिभेला. कुणाला विहीर खणायची असो, कुणाला पडीक तुकडा कसायला घ्यायचा असो, माणूस मूठभर माती फडक्यात बांधून आमच्या दारात यायचा. सासूबाई हातातलं काम ठेवायच्या, चूळ भरायच्या, चिमूटभर माती जिभेच्या टोकावर घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मग थुंकून सांगायच्या, "खारट." नाहीतर "मचूळ." नाहीतर "गोड." गोड म्हणजे साखरेसारखी नव्हे, जिच्यात मीठ नाही ती गोड. एवढं सांगितलं की परत चूळ आणि परत काम. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाचा अर्धा कप चहा घेतला नाही. माणूस ओळखीचा असो की वैरी, जिभेवर आलं तेच तोंडातून बाहेर पडायचं.

आमची स्वतःची जमीन म्हणजे घरामागची एक पट्टी. तिच्यात आडवं झोपलं तर पाय दुसऱ्याच्या बांधावर जातील, असं हे म्हणायचे. हे म्हणजे आमचे हे. पंधरा वर्षं ते दुसऱ्यांच्या शेतात चर खोदायला गेले. पाठ अशी झाली होती की सरळ उभे राहिले तरी वाटायचं, काहीतरी उचलायला वाकलेत.

आणि ओढ्याकाठी दोन एकर होती ती थोरल्या भाऊजींची. थोरले भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. शहरात त्यांचं फरश्यांचं दुकान. त्यांच्या वडलांनी त्या जमिनीला कालव्याचं पाणी दिवसरात्र पाजलं, पाणी बाहेर जायला मात्र कुठं वाट ठेवली नाही. खालचं मीठ वर आलं. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग मधे पांढरं आलं, आणि शेवटी असं झालं की भर उन्हात त्या बाजूला बघवत नसे. गवतसुद्धा उगवेना. गुरं तिकडून जाताना माती चाटायची, तेवढाच तिचा उपयोग.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडं मातीवाल्या बाई येऊ लागल्या. छोट्या शेतकऱ्यांच्या बिघडलेल्या जमिनी सुधारून द्यायला मदत करणारी कसलीशी संस्था होती, त्यातल्या त्या. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या, पायांत पुरुषी बूट. त्यांनी ओढ्याकाठची जमीन बघितली आणि म्हणाल्या, "ही मेलेली नाही. हिचं पोट साफ करावं लागेल. चार वर्षं तरी लागतील."

भाऊजी आमच्या अंगणातच बसले होते. हसून म्हणाले, "घ्या की मग. खारट आहे तोवर तुमची. एक दाणा मागणार नाही. गोड झाली की बोलू."

"गोड झाली हे ठरवायचं कुणी?" ह्यांनी विचारलं.

"काकू ठरवेल. दुसरं कोण?"

बाईंनी पिशवीतून एक यंत्र काढलं, मीठ मोजायचं, पेनाएवढं. आम्ही सगळे हसलो. मीच म्हणाले, "बाई, ठेवा ते आत. आमच्या सासूबाईंपुढं ते काय टिकणार!" बाईंनी ते ठेवलं आणि हसल्या. "गोड झाली की बोलू," याचा अर्थ काय, कुणी काय बोलायचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

मग चार वर्षं आम्ही त्या जमिनीत राबलो.

पहिलं वर्ष सगळं चरात गेलं. शेताच्या चारी बाजूंनी कमरेइतका चर, आणि मधून दोन. हे खोदायचे, मी घमेल्यानं माती वर काढायची. वरचं पांढरं पापुद्र्यासारखं निघायचं, ते खराट्यानं झाडून लांब टाकायचं. माझ्या टाचांना भेगा होत्या. त्या भेगांत ते मीठ शिरायचं आणि संध्याकाळी मी ओट्यावर बसून पाय हवेत धरून रडायची. सासूबाई कोमट पाण्यात पाय धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "ओरड, ओरड. ओरडल्यानं आग कमी होते."

चर झाले तशी शेताची लहान लहान चौकटींत वाटणी केली, बांध घातले आणि कालव्याचं पाणी आलं की ते आत कोंडून ठेवायचं. पाणी मीठ घेऊन खाली उतरायचं आणि चरात यायचं. चरातलं पाणी ओढ्याला. असं किती वेळा केलं, मोजलं नाही. दुसऱ्या वर्षी बाईंनी ढेंच्याचं बी दिलं. खाऱ्या जमिनीतही उगवतो आणि फुलावर आला की मातीत गाडायचा, तेच त्याचं खत. पहिला ढेंचा उगवला तो टकलावर चार केस राहावेत तसा. गाव बघायला आलं आणि हसून गेलं. तिसऱ्या वर्षी कमरेला लागला. चौथ्या वर्षी मी आत शिरले तर ह्यांना दिसेना. हाका मारत बसले, "अगं, कुठं गेलीस?" आणि मी मुद्दाम ओ दिली नाही. चार वर्षांत आम्ही एवढंच एकदा खेळलो असू.

सासूबाई दर महिन्याला तीन ठिकाणची माती चाखायच्या. वरचा कोपरा, मधला भाग, चराकडेची. तीन वर्षं त्यांच्या तोंडून "खारट, खारट, खारट" एवढंच ऐकलं. मग एकदा "वरची मचूळ" म्हणाल्या, तर हे दिवसभर शीळ घालत होते.

या वर्षी ढेंचा गाडून दीड महिना झाला. माती काळी पडली होती, मुठीत घेतली तर भुसभुशीत लागायची, आणि गांडुळं निघायला लागली होती. बाईंनी बाटलीत माती पाण्यात कालवून यंत्र बुडवलं आणि मला मिठीच मारली. सासूबाईंनी तीन चिमटी घेतल्या. पहिली थुंकली, दुसरी थुंकली. तिसरी मात्र बराच वेळ जिभेवर ठेवली, मग गिळून टाकली.

"गोड," म्हणाल्या. "तिन्ही गोड."

हे मटकन खालीच बसले. मला वाटलं, चक्कर आली. ते मातीवर तळहात टेकून तसेच बसून राहिले.

आणि त्याच संध्याकाळी मला गवंडी आठवला.

खालच्या आळीतला गवंडी. त्यानं डोंगरउताराचा दगडगोट्यांचा तुकडा कसायला घेतला होता. तीन वर्षं दगड वेचून बांध घातले, माती अडवली. चौथ्या वर्षी कंबरभर पीक उभं राहिलं आणि मालक येऊन म्हणाला, "शाब्बास. आता मी बघतो." गवंडी परत विटा चढवायला गेला. त्याच्या बायकोचा आणि माझा विहिरीवर रोजचा राबता. ती म्हणायची, "दगड होता तोवर आमचा होता गं."

मी ह्यांना म्हणाले, "भाऊजी आता बोलायला येतील."

"येतील की. निम्मं द्यायला मी तयार आहे."

"निम्मं? आणि त्यांनी सगळं घेतलं तर?"

"दादा तसा नाही."

"गवंड्याचा मालकपण तसा नव्हता. जमीन तशी झाली, मग तो तसा झाला."

मग भाऊजींचा निरोप आला, येत्या आठवड्यात येतो, जमीन बघायचीय, काकूला सांगा. बरोबर कुणी पाहुणा आहे. पाहुणा कोण, कशाला, काही नाही.

बाई येऊन सांगून गेल्या, "आता ओल आहे तोवर गहू पेरा. ओल एकदा गेली की गेली." बियाणं घरात होतं, त्यांनीच दिलेलं. पण पेरणार कसे? हिरवं उगवलेलं बघितलं की कुणीही ओळखेल. मी म्हणाले, थांबा. हे थांबले. रोज सकाळी शेतावर जायचे, ढेकूळ फोडून आत बोट घालायचे आणि परत यायचे. "दोन बोटं खाली गेली ओल," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "तीन बोटं." ऊन असं पडत होतं की जणू आमच्याच शेतावर नेम धरलेला. मी चिडचिड करायची, भांडी आपटायची. पेरलं तर भाऊजी येणार, नाही पेरलं तर ओल जाणार, आणि दोन्हीकडून मार आम्हालाच.

भाऊजी येणार त्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. चार शेंगा सोलल्या आणि म्हणाले, "आई, उद्या खारट म्हणा."

त्यांचा हात थांबला.

"नुसतं एवढंच. या वर्षापुरतं. एक पीक घरात येऊ दे, मग पुढच्या वर्षी गोड म्हणा. माती तोवर कुठं पळून जाते?"

"मी कधी असं केलं नाही गं."

"माहीत आहे."

"एकदा सख्ख्या भावाची विहीर खारट सांगितली होती. वर्षभर बोलला नाही माझ्याशी."

"मग आता सख्ख्या मुलासाठी सांगा." मी म्हणाले. त्यांनी मान फिरवली तसा माझा तोल सुटला. आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. मी म्हणाले, "तुमचं नाव राहील, आई. गाव म्हणेल, म्हातारी खरं बोलली. आणि तुमचा मुलगा उद्यापासून परत लोकांचे चर खोदेल. त्याची पाठ बघितलीय का तुम्ही? तुम्ही माती चाखता, आम्ही ती चार वर्षं उपसलीय."

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं. सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी 'असं करू नकोस' म्हणावं, एवढीच सासूबाईंची अपेक्षा असावी. हे पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत बसले, मग आत गेले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर जीप आली. भाऊजी उतरले, पोट सुटलेलं, रुमालानं मान पुसत. त्यांच्याबरोबर एक सडपातळ माणूस होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला. आमच्या अंगणात न येता तो थेट चराकडं गेला. भाऊजी सासूबाईंच्या पाया पडले, मला म्हणाले, "वाळलात हो." ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सगळं गोड गोड. मला वाटलं, गवंड्याच्या मालकानंही असंच केलं असेल.

शेतावर गेलो. पेरणी नाही, पीक नाही, नुसती काळी जमीन. तीही आता वरून वाळलेली. ह्यांनी पहाटे जाऊन लांब टाकलेलं जुनं पांढरं थोडं आणून चराकडे पसरून ठेवलं होतं, ते मला तिथं गेल्यावर कळलं. म्हणजे तेही यात होते. रबरी बूटवाला चरात उतरला, खिशातून बाईंसारखंच एक यंत्र काढून पाण्यात बुडवलं आणि मान डोलावली.

भाऊजी बांधावर टेकले. "काय काकू, जीभ शाबूत आहे ना अजून?"

"आहे बाबा."

"मग होऊन जाऊ दे."

सासूबाईंनी तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली. वरच्या कोपऱ्यात गेल्या, वाकल्या, चिमूट घेतली. डोळे मिटले. थुंकल्या. मधे आल्या, तसंच केलं. मग चराकडे आल्या. शेवटची चिमूट जिभेवर ठेवून त्या उभ्या होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मनात मी ओरडत होते, बोला, बोला आता.

"खारट," सासूबाई म्हणाल्या.

"तिन्ही?"

"तिन्ही. होती तश्शीच आहे."

भाऊजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे. तू कमी नाही केलंस. जमिनीच्याच नशिबात नव्हतं." मग बूटवाल्याकडं वळले. "घ्या. काकूनं सांगितलं म्हणजे झालं. तुमचं काम झालं."

"कसलं काम?" मी विचारलं.

"हे कोळंबीवाले. कोळंबीची तळी करतात, खाऱ्या जमिनीत. दोन महिने माझ्या मागं लागलेत. मी म्हटलं, भावानं चार वर्षं घाम गाळलाय, आधी काकू काय म्हणते बघू. गोड झाली असेल तर माझा भाऊ कसेल, माझं काय, वर्षाला दोन पोती आणून टाकेल दुकानात. खारटच असली तर मग तुमची." भाऊजी मान पुसत होते. "मला खरंच वाटलं होतं, ती गोड म्हणेल."

ते खरं बोलत होते की तोंडदेखलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दादा," हे म्हणाले. "गोड आहे ती."

"काय?"

"गोड आहे. आई खोटं बोलली."

परक्या माणसासमोर, भर उन्हात, पोटचा मुलगा आईला खोटारडी म्हणाला. सासूबाईंनी मान खाली घातली. मी पुढं झाले, म्हणाले, "भाऊजी, मी सांगितलं होतं त्यांना. दोष माझा. गवंड्यासारखं होईल म्हणून घाबरले मी. बाईंचं यंत्र आहे, त्यांनी लिहून ठेवलेले कागद आहेत, बघा हवं तर."

"गोड आहे रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि चिमूट नाही, सगळी मूठ तोंडात घातली. ओठांवरून, हनुवटीवरून काळं ओघळत होतं. "गोड आहे. बघ, खातेय मी. गोड आहे."

कोळंबीवाला हसला. "मघाशी खारट, आता गोड. आजीबाईंची जीभ आहे की कालव्याचं दार, हवं तेव्हा उघडलं, हवं तेव्हा बंद? चरातलं पाणी मी मोजलंय. खारट म्हणजे खारट आहे."

"ते जमिनीतलं मीठ धुऊन आलेलं पाणी आहे हो," हे म्हणाले. "म्हणूनच तर—"

पण भाऊजी ऐकत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. "चार वर्षं एक दाणा मागितला मी?"

"नाही."

"कधी येऊन हिशेब विचारला?"

"नाही."

"आणि तुम्ही मला चोर समजलात. म्हातारीला पुढं करून मला फसवायला बसलात." दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाशी हसून बोलायची सवय, पण त्या वेळी डोळ्यांत पाणी होतं. "तिच्या शब्दावर मी यांना शब्द दिला. तुमच्यादेखत दिला. आता तोही मोडू? नाही मोडणार."

जीप गेली. आम्ही तिघं त्या काळ्या जमिनीत उभे राहिलो. सासूबाईंचं तोंड मी धुऊन दिलं. त्या लहान मुलासारखं धुऊ देत होत्या.

मग दुपारी हे घरातून बियाणं घेऊन निघाले.

"आता कशाला पेरताय?" मी विचारलं.

"चार बोटं खाली गेलीय ओल. अजून लागेल."

"अहो, पण जमीन—"

"पेरू दे मला," म्हणाले. मग मीही पेरायची पाभर धरली. दोन दिवसांत आम्ही ती दोन एकर पेरली. कुणासाठी, विचारू नका. मातीवाल्या बाई आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्या बांधावर बसून राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांना घेऊन त्या भाऊजींच्या दुकानात गेल्या, बाटलीत माती, यंत्र, चार वर्षांचे कागद घेऊन. दुकानातल्या पोरांनी ह्यांना बाहेर चपला काढायला लावल्या, फरशी घाण होते म्हणून. तासभर उभं ठेवलं. भाऊजी बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, बोलणं यंत्रावर झालं नव्हतं. तेव्हा हे लोक तुमच्या यंत्राला हसले होते, आठवतं ना?" बाईंनी मान हलवली. आठवत होतं.

यंत्र आलं, खोदायचं, पिवळं, ते पेरल्यापासून बाराव्या दिवशी. त्या दिवशी गहू चार बोटं वर आला होता. सगळ्या शेतात. एक ओळ चुकली नव्हती. चराकडेच्या त्या कोपऱ्यातसुद्धा उगवला होता, जिथं ह्यांनी खोटं पांढरं पसरलं होतं. पहिला ढेंचा बघून हसलेलं गाव परत बघायला आलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

यंत्र चालवणारा माणूस खाली उतरला. तो बांधावर उभा राहून गव्हाकडं बघत राहिला. म्हणाला, "मावशी, मला सांगितलं होतं पडीक आहे म्हणून."

"होती," मी म्हणाले.

"मी काय करू? नाही म्हटलं तर दुसरा येईल."

"तुमचं काय चुकलं यात?" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून कुणाला वाकडा शब्द गेला नाही. त्यानं निम्मी बिडी तशीच टाकली आणि वर चढला.

भाऊजी आले नव्हते. कोळंबीवाला आला होता. त्यानं गहू बघितला, ओठ आवळले आणि म्हणाला, "चालू करा."

यंत्रानं पहिला घास घेतला तो वरच्या कोपऱ्यातून. हिरवं वर गेलं, मुळांसकट, खालच्या काळ्या मातीसकट, आणि बाजूला पडलं. तेव्हा गवंडी पुढं आला. त्याच्याजवळ त्याची एकचाकी गाडी होती, विटा वाहायची. त्यानं ती पडलेली माती फावड्यानं ओढली, गाडी भरली आणि ह्यांना म्हणाला, "चल. तुझ्या पट्टीत टाकू. जेवढी नेता येईल तेवढी." कोळंबीवाल्यानं नाही म्हटलं नाही. त्याला काय, ती टाकायचीच होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही वाहिली. मी, हे, गवंडी, गवंड्याची बायको, आणि मातीवाल्या बाई, त्यांच्या त्या पुरुषी बुटांत. घमेल्यांनी, गाडीनं, पोत्यांत. सगळ्या दोन एकरांतली मूठभरच आली म्हणायची. पट्टीवर वीतभर थर झाला. अंधार पडायच्या आत यंत्र थांबलं, तेव्हा तिथं एक खड्डा होता आणि त्याच्या तळातून पांढरट पाणी पाझरायला लागलं होतं.

सासूबाई घरीच होत्या. त्या आल्या नाहीत आणि मी बोलावलं नाही.

त्यानंतर एक माणूस फडक्यात माती घेऊन आमच्या दारात आला होता. लांबचा होता, त्याला काही माहीत नसावं. सासूबाई सुपातलं निवडत होत्या. त्यांनी फडक्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्या बाईंकडं जा. त्यांच्याकडं यंत्र आहे." तो गेला. पुन्हा कुणी आलं नाही.

ते तळं आता भरलंय. दुपारी तिकडून वाऱ्याबरोबर वास येतो. आम्ही पट्टीत गहू केला, थोडा आला. हे परत चर खोदायला जातात. कोळंबीवाल्याला दुसरं तळं करायचंय, त्याच्या कडेनं चर हवा होता. ह्यांच्याइतका सरळ चर या भागात कुणाला येत नाही, म्हणून ह्यांनाच बोलावलं. हे गेले.

परवा मी कालवण केलं. डोक्यात काहीबाही होतं, मीठ घालायचंच राहिलं. हे अजून आले नव्हते. सासूबाईंना वाढलं. पूर्वी मीठ चिमूटभर जरी कमी पडलं तरी पहिल्या घासाला म्हणायच्या, "अगं, हात आखडलास का?" त्या जेवल्या. शेवटचा घास घेतला, ताट पुसून खाल्लं. मग मी बसले, पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या लक्षात आलं.

"आई," मी म्हणाले, "मीठच नाही यात. बोलला का नाहीत?"

त्यांनी ताट उचललं आणि मोरीकडं निघाल्या. "मला काय विचारतेस," म्हणाल्या. "तो आला की त्याला विचार."